स्तमातियाचं ताट

"अर्धा तास फक्त," थेमिस फोनवर म्हणाला. "एक वाजता सगळे बसपाशी असतील."

"धक्क्यावरच्या खानावळीत मी आठ जणांचं टेबल सांगून ठेवलंय," सहल कंपनीच्या अथेन्सच्या ऑफिसातून फिवोस म्हणाला. "सहा आठवडे तू घरचा थांबा बंद ठेवलास. का, ते मी विचारलं नाही. मग आज अचानक काय?"

"आज शेवटचा. पुढच्या गुरुवारपासून खुशाल खानावळीत ने."

"बरं. आणि दाढी कर रे बाबा. पाहुणे फोटो काढतात, त्यात तू दरोडेखोर दिसतोस."

"उद्या करतो."

थेमिसने फोन काळ्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि मागे वळून पाहिलं. आठही जण होते. नाफ्प्लियोच्या वरच्या आळीच्या पायऱ्या चढून सगळ्यांना धाप लागली होती. चार दिवस किल्ले आणि पडकी देवळं बघून झाली होती, आता त्यांना समुद्र हवा होता. थेमिसला एवढंच हवं होतं, की त्यांनी घरी यावं आणि त्याच्या बायकोच्या, स्तमातियाच्या, ताटात काही उरू नये.

"अजून एक किल्ला आहे का?" डच पीटरने विचारलं. "असेल तर मला इथेच पुरा. वर पाटी लावा, चढता चढता गेला."

सगळे हसले. थेमिसही हसला, जरा उशिरा.

"किल्ला नाही, खाणं आहे. माझ्या घरी."

"आणि समुद्र?"

"समुद्र कुठे पळून जात नाही. ताट मात्र आजचंच आहे."

पीटरने हात वर केले आणि चालू लागला. त्याच्यामागे बाकीचे. सगळ्यांच्या शेवटी डूकास. मेलबर्नचे, सत्तरीचे. आडनाव ग्रीक, पण चार दिवसांत त्यांनी ग्रीकचा एक शब्द उच्चारला नव्हता.

वळणावर समोरची मारिगो खिडकीत उभी होती.

"आजसुद्धा आणलीस का वरात?" ती म्हणाली.

"आजच तर आणायची होती, मारिगोबाई."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि खिडकीची झडप ओढून घेतली.

अकरा वर्षं दर गुरुवारी स्तमातियाने परक्या माणसांना जेवू घातलं होतं. पायऱ्यांवरची ये-जा, मोठ्याने हसणं, दुसऱ्यांच्या दारात उभं राहून काढलेले फोटो. आळीने आधी कुरकुर केली, मग नगरपालिकेत अर्ज दिला, मग बोलणंच टाकलं. स्तमातिया उत्तरेची, त्यामुळे आळीच्या लेखी ती पहिल्यापासून बाहेरचीच. मूलबाळ नव्हतं. गुरुवार हाच तिचा सणवार होता.

टेबलाभोवती आठ खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधोमध मोठं पसरट ताट. त्यावर पिठीसाखरेचा पांढरा थर आणि चंदेरी बदामांनी काढलेलं एक अक्षर.

"हा तर लग्नाचा केक!" पीटर म्हणाला.

"अक्षर कुणाचं?" जोआनने विचारलं. ती कॅनडातली शिक्षिका. तिला सगळं वहीत लिहून घ्यायची सवय होती.

"स्तमातियाचं."

"बाईसाहेब दिसत नाहीत?"

"विश्रांती घेतेय."

जोआनने लगेच आवाज खाली आणला. "साखर या बाजूला थोडी जाड झालीय," ती हळूच म्हणाली.

"कृती तिची. हात माझा."

मग तो इतक्या दिवसांच्या सवयीने सांगू लागला. उकडून फडक्यावर कोरडे केलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम, दालचिनी. "परवा तुम्ही जे खांब पाहिलेत ना, त्यांच्यापेक्षा ही रीत जुनी आहे. पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने एक वाक्य म्हणायचं. थेओस स्खोरेस तिन."

"म्हणजे काय?" जोआनने पेन उघडलं.

"जिच्या नावाचं ताट, तिच्यासाठी काहीतरी चांगलं मागायचं."

पीटरने वाक्याची पार वाट लावली. त्याची बायको हसून लाल झाली. जोआनने वहीत बघून न चुकता म्हटलं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थेमिस प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता. कुणी शब्द गिळले, तर पुन्हा म्हणायला लावत होता.

"कडक मास्तर आहेस तू," पीटर म्हणाला आणि त्याने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. "आता बायकोला सांग, माझ्याशी लग्न कर म्हणावं."

"सांगतो."

कॉफी आली. जोआनने साखर मागितली.

"आज कडूच," थेमिस म्हणाला.

ताटाचा तळ दिसू लागला. सात वाट्या चाटूनपुसून साफ झाल्या. आठवी डूकास यांच्यासमोर तशीच होती. ते वाक्यही म्हणाले नव्हते.

"त्यांना गोड चालत नसेल," जोआन कुजबुजली.

"चालत नसेल," थेमिस म्हणाला. त्याने वाटी उचलायला हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

पाऊण वाजता बाकीचे सात जण गलका करत पायऱ्या उतरू लागले. आत स्तमातियाची झोप मोडू नये, म्हणून जोआनने दार आवाज न करता लोटलं. डूकास अजून खुर्चीतच होते. थेमिस रिकाम्या वाट्या एकात एक घालू लागला.

"सकाळी चर्चमध्ये किती जण होते?" डूकास यांनी विचारलं. स्वच्छ ग्रीकमध्ये.

थेमिसचे हात थांबले.

"पाद्री," तो म्हणाला. "आणि मी."

"तिला जाऊन आज चाळीस दिवस झाले?"

"हो."

डूकास उठून उभे राहिले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, चमचा हातात घेतला आणि सात जणांनी हसत हसत म्हटलेलं तेच वाक्य सावकाश म्हटलं, "देव तिला क्षमा करो." मग त्यांनी पहिला घास घेतला.