दुपारी अडकणारं चित्र

एव्हेलिओ ओकाम्पो लग्नाचा कोट घालून, केस ओले करून चापूनचोपून बसवून, टीव्हीसमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता. माद्रिदमध्ये संध्याकाळ होती, इथे समुद्रापलीकडे, डोंगरातल्या सालामिना गावात भर दुपार. टीव्हीवर नातीच्या कॉलेजचं सभागृह दिसत होतं. यिसेल आज नर्स होणार होती, आणि घराण्यात आजवर कुणी कॉलेजची पायरीही चढलेलं नव्हतं. तिचं आडनाव सुलुआगा, स्पॅनिश वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारं, म्हणून नंबरही शेवटचा. आता तिच्यापुढे मोजक्याच मुली उरल्या होत्या.

तेवढ्यात चित्र अडकलं. एक पोरगी मंचाची पायरी चढत होती, तिचा पाय हवेतच राहिला.

"आजसुद्धा?" एव्हेलिओ टीव्हीवर ओरडला. "आजचा दिवस तरी लाज बाळग!"

हे दुखणं रोजचं होतं. त्याची लेक लूस दारी, यिसेलची आई, तिकडे माद्रिदमध्ये दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना जेवू घालायचं काम करायची आणि सुट्टी झाली की बापाशी टीव्हीवर बोलायची. दर दुपारी बोलता बोलता तिचं तोंड वेडंवाकडं होऊन थिजायचं. एव्हेलिओने वायफायचा डबा बंद करून चालू केला होता, वायरी बदलल्या होत्या, कंपनीच्या माणसालाही बोलावलं होतं. तो सकाळी यायचा. सकाळी सगळं ठणठणीत चालायचं आणि तो कॉफी पिऊन जायचा. मग दुपारी शेजारच्या ग्रासिएलाबाई जेवण घेऊन आल्या की दोघं मिळून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एव्हेलिओची बायको गेल्यापासून रोजचं दुपारचं जेवण त्यांच्याकडूनच यायचं.

आज शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. एव्हेलिओने जन्मभर डोंगरातून कॉफीची पोती वाहणारी जीप चालवली होती. जीप बंद पडली की बाकीचे बॉनेटवर लाथा मारायचे, हा मात्र गप्प उभा राहून ऐकायचा. आताही त्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि कान दिला.

वायफायचा डबा भिंतीवरच्या फळीवर, येशूच्या तसबिरीखाली होता. त्या भिंतीच्या आतून घरघर ऐकू येत होती. भिंत बांबूची आणि मातीची, तिच्यापलीकडे ग्रासिएलाबाईंचं स्वयंपाकघर. त्याने भिंतीला कान लावला. घरघर थांबली, 'टिंग' वाजलं, आणि टीव्हीवरच्या पोरीचा पाय खाली आला. क्षणभराने घरघर पुन्हा सुरू झाली आणि चित्र पुन्हा थिजलं.

एव्हेलिओ कोटासकट, सपाता फटफटवत धावत सुटला.

ग्रासिएलाबाईंचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. त्यांचा मायक्रोवेव्ह त्याच भिंतीला टेकून, वायफायच्या डब्याच्या बरोबर मागे घरघरत होता. 'सापडला चोर!' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण काचेतून त्याला आत फिरणारा वाडगा दिसला. निळ्या काठाचा, एका बाजूने कपचा उडालेला, त्याच्याच घरचा वाडगा. त्यात कोंबडीचा सांकोचो रस्सा होता, केळ्याचे तुकडे घातलेला, त्याला आवडतो तसा दाट.

शब्द त्याने गिळले. रोज ज्याच्या नावाने बोटं मोडली ते त्याचंच जेवण होतं, आणि बोटं मोडायला या बाईसुद्धा साथीला होत्या. सांगितलं तर बिचाऱ्या शरमेने अर्ध्या होतील.

"अहो, कुणी मागे लागलंय की काय तुमच्या?" ग्रासिएलाबाईंनी विचारलं.

"बंद करा ते. आज मी गारच खाणार."

"गार? मघाशी एकदा तापवलं, तरी आतला बटाटा गारठलेलाच लागला. म्हणून तर परत लावलं. गार खाऊन मागे काय झालं होतं, आठवतंय ना?" त्यांनी पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही."

"ताप नाही, घाई आहे! पोरगी मंचावर येईल. चला, तुम्हीपण चला." त्याने स्वतःच मायक्रोवेव्हचं दार उघडलं आणि वाडगा बाहेर काढला.

"एप्रनवर येऊ?"

"तिला दिसत नाही तुमचा एप्रन. चला!"

दोघं येऊन बसले. चित्र स्वच्छ वाहत होतं. आणि मग पुकारा झाला, "यिसेल सुलुआगा ओकाम्पो!" बापाचं आडनाव आणि त्याच्यामागे आईचं. एव्हेलिओचं आडनाव माद्रिदच्या त्या भल्यामोठ्या सभागृहात घुमलं. यिसेल मंचावर आली, कागद हातात घेतला, कॅमेऱ्याकडे वळली आणि हात हलवला. पूर्ण हलवला, कुठेही न अडकता. एव्हेलिओनेही हात हलवला. ग्रासिएलाबाई त्याच्यापेक्षा जास्त रडल्या.

"सुधारली वाटतं कंपनी," त्या एप्रनला नाक पुसत म्हणाल्या.

"सुधारली," एव्हेलिओ म्हणाला. रश्श्यावर चरबीचा पांढरा थर आला होता. तरी त्याने वाडगा बुडापर्यंत पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लूस दारी यिसेलचं कौतुक सांगत होती. सांगता सांगता तिचं तोंड उघडं राहिलं आणि आवाज तुटक यायला लागला. "बाबा... परत अडकलं! तो डबा... दुसऱ्या भिंतीला लावा ना. इथे सगळे म्हणतात... जागा बदलली की होतं ठीक."

"आहे तिथे बरा आहे तो."

"अहो, पण माझं बोलणं..."

"थांब गं घटकाभर," एव्हेलिओ म्हणाला. तो उठून टेबलावर दोन चमचे मांडत होता. "माझं जेवण तापतंय."