रांजणावरचं ओगराळं

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात खामगावजवळच्या वृद्धाश्रमात हगवणीनं दोघी म्हाताऱ्या दगावल्या. पाण्याच्या रांजणात कोणाचा हात बुडू नये म्हणून नर्स शकीलानं लांब दांड्याचं पितळी ओगराळं आणलं. सकाळी पाहते तर ओगराळं देवघरात हळदकुंकू लावून ठेवलेलं, आणि आश्रमातल्या कौशल्याबाईंचा हात कोपरापर्यंत रांजणात! “नवं भांडं आधी देवाले नको काय?” म्हातारी म्हणाली. शकीलाचं डोकं फिरलं, पण ती हटली नाही. “मावशी, देवाले पारोशा हातानं शिवता काय?” “छट्! पाप लागते.” “मग रांजणालेबी हळदकुंकू लावा.” कौशल्याबाईंनी लावलं. ओगराळं रांजणावर आलं, शेजारी साबण. आठवड्यानं संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले आणि तहानेनं पेलाच रांजणात बुडवू लागले. ओगराळ्याचा टोला मनगटावर बसला. “आधी हात धू बे! देव बाटते!” कौशल्याबाई कडाडल्या. शकीलानं अध्यक्षांपुढे साबण धरला.