उन्हाकडे पाठ

उद्या तेरावा, आणि नाशिकभर लोकांचे फोटो काढत फिरलेल्या बाबांचा स्वतःचा एकही धड फोटो घरात नव्हता. “मग हार काय भिंतीला घालू?” आई उज्वलावर खेकसली.

उन्हाकडे पाठ करून फोटो काढायची बाबांची सवय. त्यामुळे घरच्या प्रत्येक फोटोत आईच्या पायाशी त्यांची सावली पडलेली. रामकुंडावर, पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर, दारासमोर. उज्वलाने ते सगळे फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर सावलीवर सावली जुळवत एकावर एक ठेवले. आई फिकट होत गेली आणि सावली गडद.

“सावलीला हार घालायचा?” प्रिंट हातात घेऊन आई म्हणाली. ती आता फाडणार, म्हणून उज्वलाने हात पुढे केला.

आईने सावलीच्या उचललेल्या कोपरावर बोट ठेवलं.

“अहो, आता तरी कॅमेरा खाली ठेवा.”