चौथी चौकट

"हनुवटी वर," ऑरिन म्हणाला, आणि एमेट क्रॅडॉकने ती निमूटपणे वर केली. शिकागोहून रात्रभर रेल्वेने आलेल्या माणसाला गरम टॉवेलपुढे स्वतःचं मत उरत नाही.

"अख्खं गाव पेपरात काढतोस लेका, आणि गावात यायचं तर सत्काराचं आमंत्रण लागतं," ऑरिन साबणाचा फेस घुसळत म्हणाला. "भाषण आणलंयस?"

"दोन पानं."

"एवढं कशाला आणलंस."

एमेट हसला. 'बेंडची माणसं' ही त्याची चित्रमालिका. रोज चार चौकटी, आणि त्यात त्याच्याच बेंड गावची माणसं: न्हावी, खाटीक, टोप्यांची हौस असलेली विधवा. नावं एखाददुसऱ्या अक्षराने बदललेली, नाकं तीच.

"वेळच नसतो रे," तो म्हणाला. "दीड महिना पुढचं काढून द्यावं लागतं. चारशे पेपरांना जायचं असतं. इथे तुम्हाला उकडतंय, आणि मी तिकडे हॅलोविनचे भोपळे काढून मोकळा झालो."

"म्हणजे आज काय छापून आलंय ते आठवतही नसेल."

"छे! छापलेलं मी बघतच नाही."

"हं," ऑरिन म्हणाला आणि त्याच्या गालांवर फेस थापायला लागला.

काचेबाहेर माणसं जमली होती. सत्कारमूर्तीला बघायला जमायचीच. प्रत्येकाच्या हातात आजचा पेपर होता. ती पेपराकडे बघत, मग खुर्चीकडे, मग पुन्हा पेपराकडे. चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक धरून कुठवर आलं ते बघतात, तशी.

दाराची घंटी वाजली. हेकर खाटीक आत आला, बाकावर बसला आणि त्याने पेपर मांडीवर पसरला. त्याच्या उजव्या हाताला जाडजूड पट्टी होती.

"हाताला काय झालं रे?"

"सॉसेजचं यंत्र. जुलैमध्ये तूच नव्हतं का काढलंस? दोन बोटं गेली."

एमेटला आठवलं. खाटकाचा हात यंत्रात जातो आणि पलीकडून सॉसेजची माळ निघते. बोटं किती गेली हे त्याने मोजलं नव्हतं. चित्रात तो तशीही चारच काढायचा, पाचव्याला वेळ लागतो.

"काय विचित्र योगायोग," तो म्हणाला.

"योगायोग?" हेकरला ते लागलंच. "मी स्वतः हात घातला! चारशे गावांनी वाचलेलं. तुला काय खोटं पाडायचं आम्ही?"

"अरे, पण तो विनोद होता!"

"मग हसलो की. खूप हसलो."

ऑरिनने खुर्चीचा दांडा दाबला. खुर्ची मागे कलली आणि एमेटला आढ्यावरचा पंखा दिसायला लागला.

"मिसेस टटलने तर कमाल केली," ऑरिन म्हणाला. "टोपी उडाली तशी मागोमाग नदीत. कपडे अगदी तू काढलेले, ठिपक्यांचे. मुद्दाम शिवून घेतले होते."

"बाहेर आली ना ती?"

"तू कुठे काढलीस बाहेर आलेली? दुसऱ्या दिवशी तू पोस्टमनचं काढलंस."

ऑरिन वस्तरा पट्ट्यावर परजायला लागला. सप-सप. एमेटने उठायचा प्रयत्न केला, पण गळ्यापाशी बांधलेली चादर हातांच्या खाली खोचलेली होती. आपण आजचं काय काढलं होतं? न्हाव्याचं दुकान, नक्की. न्हावी फेस लावतो. न्हावी बोलतो. आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईकाचा चेहरा तो कधी काढायचाच नाही. फेस फासला की काम वाचतं.

त्याने मान उचलली. समोरच्या आरशात पांढरा फेस होता आणि त्यात दोन डोळे.

"ऑरिन, तो पेपर दाखव बघू."

"झाल्यावर."

हेकरला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. त्याच्या डाव्या हाताचं बोट तिसऱ्या चौकटीवर होतं. मग तो उठला, कोपऱ्यातला झाडू घेऊन आला आणि ऑरिनच्या हाताला लागेल असा खुर्चीला टेकवून ठेवला.

झाडू बघितल्यावर एमेटला सगळं आठवलं. त्या दिवशी चित्रं न्यायला आलेला माणूस दारात उभा होता. तीन चौकटी झालेल्या, चौथीला वेळच नव्हता. त्याने नुसती खुर्ची काढली. रिकामी. शेजारी न्हावी, झाडत असलेला. संध्याकाळी संपादकाचा फोन आला होता, गिऱ्हाईक कुठे गेलं म्हणून. एमेट म्हणाला होता, वाचकांना ठरवू दे की.

"ऑरिन, ऐक, तो नुसता दाढी करून घरी गेला होता रे! पैसे देऊन, उठून—"

काचेबाहेर सगळ्यांच्या माना एकदम डावीकडून उजवीकडे सरकल्या.

"शू," ऑरिन म्हणाला आणि लहानपणीच्या मित्राचं डोकं त्याने हलक्या हाताने मागे केलं. "चौथ्या चौकटीत कुणी बोलत नाही."