वेटिंगवर दुसरे

अमरावतीच्या एका खेळण्यांच्या दुकानात चांदीच्या पंखांच्या योद्धीची लिमिटेड फिगर, म्हणजे शौकिनांनी जमवायची बाहुली, एकच आली, आणि वेटिंगवर नावं दोन. पहिलीचा फोन बंद लागला, म्हणून तिला कळावं यासाठी दुकानदार गजेंद्रनं इन्स्टावर फिगरचा फोटोही टाकला. दुसऱ्या नंबरचे खुशालराव मात्र फोन जाताच अचलपूरहून एसटीनं आले आणि सकाळपासून दाराशी स्टुलावर बसून राहिले. कोणी आत आलं की अर्धवट उठायचे, चेहरा पाहायचे आणि पुन्हा बसायचे.

"पहिला नंबर आला का, भाऊ?"

"नाई काका. संध्याकाळलोक वाट पाहू. नाई आला तं तुमचीच."

दिवे लागले. गजेंद्रला म्हाताऱ्याची दया आली. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि खोकं हसत पुढं केलं.

"घ्या काका. ते आचल काई आता येत नाई. तिचं नाव खोडतो. द्या नातवाले."

खुशालरावांनी खोक्याला हातही लावला नाही.

"खोडू नको रे बापा! आचल माही पोरगी व्हय. मी टाकून बोललो, तवाची घर सोडून गेली. माहा फोन उचलत नाई. या बाहुलीसाठी तिनं इथं नाव टाकलं, हे तिच्या मैत्रिणीकून समजलं. माल आला का वेटिंगवाल्याइले फोन करता म्हने तुमी, म्हून मीबी नाव टाकलं, म्हंजे ते कवा येईन हे मले समजन."

ते शटरखाली वाकून रस्त्याकडं पाहू लागले.

"थोडं थांब, भाऊ. माह्यासाठी नाई तं नाई, बाहुलीसाठी तरी पोरगी येईन."