राणीला कव्हर

“पूल पार्लरच्या डोक्यावर घर घेऊ नका, बाळ झोपायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “आई, खिडक्या लावून घेऊ,” म्हणत मी विषय मिटवला.

खिडक्या लावूनही चेंडूंच्या प्रत्येक टकटकीला चिनू दचकून रडायची. एका दुपारी सासूबाई पदर खोचून भांडायला खाली गेल्या, त्या परतेनातच. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. चिनूला कडेवर घेऊन मी धावले.

सासूबाई काठी धरून टेबलावर वाकल्या होत्या. पैज लागली होती. त्या जिंकल्या, तर दुपारी पार्लर बंद. त्यांनी समोरच्या दाढीवाल्याचा लाल चेंडू जाळीत घातला. “राणी घेतली. आता कव्हर.”

“आजी, हा कॅरम नाही. तो माझा चेंडू होता.”

“राणी कुणा एकट्याची असते होय रे?”

दाढीवाल्याने पार्लरच्या मालकांकडे बघितलं, तोवर सासूबाईंनी कव्हरही घेतलं. मालक हसत म्हणाले, “जिंकलात, आजी.”

आता दुपारी चिनू निवांत झोपते. फक्त सासूबाई घरात नसतात, आणि खालून हलकीशी टकटक येत राहते. तिकडून गेलात, तर बंद पार्लरमध्ये कोण खेळतंय ते जरा डोकावून बघाल?