बदकं घेऊ दे ना, बा

"नाही म्हंजे नाही," लखीराम म्हणाला आणि कोयत्याची मूठ दगडावर ठोकू लागला. "तांड्यात कोनी पाळले काय बदकं? लोकं हासतीन."

"हासू दे," निता म्हणाली. "भागिरथाबाई फुकट देऊन राह्यली. चार हायेत."

"इथं मान्साले पानी नाही पुरत."

"त्याईले घमेलंभर पुरते, बा."

सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. आसेगावच्या भागिरथाबाईचा मुलगा रिसोडला मास्तर झाला होता आणि आईला आपल्या खोलीवर घेऊन चालला होता. खोली तिसऱ्या मजल्यावर, तिथे बदकं कुठे ठेवणार? म्हणून बाईने शाळेतून येणाऱ्या निताला थांबवून विचारलं, नेतं का? तेव्हापासून पोरगी हात धुऊन बापाच्या मागे लागली होती.

खरं सांगायचं तर तिला बदकांचं काडीचं वेड नव्हतं. तिला याडी हवी होती. तांड्यातली पोरं आईला याडी म्हणतात. दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीचा ट्रक यायचा, बा आणि याडी त्यात बसून लांबच्या कारखान्याकडे निघून जायचे आणि उन्हं तापल्यावर परतायचे. निता आजीजवळ राहायची. सुंदरबाई आजीला ऐकू कमी यायचं, त्यामुळे रडण्यातही काही राम नसायचा.

'थांब ना,' असं तिने याडीला एकदा म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी याडी कोणाशी बोलली नाही की जेवली नाही. निताने तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नव्हता.

मग गेल्या वर्षी शेजारच्या करणच्या घरी म्हैस आली. दूध कोण काढणार, चारा कोण टाकणार, म्हणून करणची आई घरी राहिली. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. करणचा बाप एकटाच, अर्धा कोयता म्हणून गेला. अख्खा हिवाळा करण डोक्याला तेल चोपडून शाळेत आला आणि निता त्याच्या त्या चपट्या केसांकडे बघत बसली. तिने त्यातून एवढंच घेतलं, की घरात जनावर आलं की आई थांबते. म्हैस मागितली असती तर बाने पाठ मऊ केली असती. बदकं मात्र फुकट मिळत होती.

"कोन पाह्यन त्याईले?" लखीरामने विचारलं.

याच प्रश्नाची ती वाट पाहत होती. "याडी! बदकाचं मोठ्या मान्सालेच समजते. कुत्र्यापासून जपा लागते, सांजच्याले कोंडा लागते..."

"मंग तं नकोच नको."

निताची पंचाईत झाली. अवघड सांगावं तर बा नाही म्हणतो आणि सोपं सांगावं तर याडी कशाला थांबेल? पण बदकं एकदा अंगणात तर येऊ देत, तिने विचार केला. याडीचा जीव कशातही गुंततो. चार दिवस बदकं पायांत घुटमळली की कुठला ट्रक आणि कुठलं काय! निताने पवित्रा बदलला.

"मीच पाहीन," ती म्हणाली. "मले सारं येते, भागिरथाबाईनं शिकोलं. गोगलगाई खातेत, भाजीचे देठ खातेत. हाक मारली का मांगं मांगं येतेत. मी त्याईच्या संग खेळीन, बा. मले मंग कोनीच नाही लागत. रडनार नाही, आजीले तरास देनार नाही. याडीची शप्पत."

लखीरामचा हात थांबला. "एवढा लळा लागते त्याईचा?"

"लय!"

संगीता, तिची याडी, पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. सगळं तिने ऐकलं होतं आणि तिचे डोळे भरले होते. निताने ते पाहिलं. बदकं यायच्या आधीच गुंतला की जीव!

"घेऊ द्या तिले बदकं," संगीता नवऱ्याला म्हणाली.

लखीराम हसला. "आन जा मंग. चारही आन."

निताने टुणकन उडी मारली. संगीताने तिला जवळ ओढलं, फ्रॉकला पीठ लागलं तरी सोडलं नाही.

"बरं झालं, माय," ती म्हणाली. "मांगच्या साली फोनवर तुह्या तोंडातून शब्द निघे नाही. म्हून औंदा मी घरी राह्यतो, असं तुह्या बाले म्हनलं होतं. मुकादमाले त्यानं एकट्याचंच सांगतलं. पक्कं नव्हतं म्हून तुले नाही बोललो. आता तुले सोबत झाली. आता माह्या जिवाले घोर नाही."

लखीरामने तोवर फोन कानाला लावलाही होता. "हाव, मुकादम. दोघंबी येतो."

निताने याडीकडे पाहिलं. इतका मोकळा चेहरा तिने ट्रकाच्या दिवसांत कधी पाहिला नव्हता. ती बाकडे वळली.

"बा," ती कशीबशी म्हणाली, "मले बदकं नको."

"आता कायले भेतं?" लखीरामने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मुकादमाले शब्द देला म्या. अन् आमाले समजावलं तं तूच ना."